रे. नारायण वामन टिळक यांचे घर

यवतमाळ जिल्ह्यात नाताळाचा सण कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत येतो. आईबाप सकाळीच शेतावर जातात, धाकटे मूल बांधावर झोळीत निजते, आणि सणाची तयारी रात्री दिव्याच्या उजेडात होते. पुष्कळ घरी सणाच्या दिवशीही सर्व माणसे एकत्र नसतात. अशा घरांनी टिळक कुटुंबाची हकीकत आपल्या मुलांस अवश्य सांगावी.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. पुढे ते नागपुरास होते. १८९३ साली राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. तो वाचता वाचता त्यांचे मन पालटले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ह्या निश्चयाची किंमत घराला द्यावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन आपल्या आप्तांकडे राहिल्या. ज्या सणात बालकाच्या जन्माचा आनंद करावयाचा, तोच सण टिळकांनी आपल्या बालकावाचून काढला. तथापि त्यांनी पत्नीवर बळजोरी केली नाही. ते वाट पाहत राहिले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परत आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. एका छपराखाली दोन रीती नांदू लागल्या. टिळकांनी तेही सोसले. हळूहळू बाईंच्या मनातील भेद आपोआप गळून पडला, व १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मग त्या घराचे दार कोणाही मुलास बंद राहिले नाही. दुष्काळ व प्लेग यांनी पोरकी केलेली मुले तेथे आली आणि दत्तू व तारा यांच्याबरोबर वाढली. पैसा हाती टिकत नसे. घरात खाणारी तोंडे फार. तरी लक्ष्मीबाईंनी त्यांस पोटच्या लेकरांप्रमाणे जपले. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, ख्रिस्ती नव्हते. पण तेही ह्या घरी मुलासारखे राहिले. टिळकांस लोक फुलामुलांचे कवी म्हणत. त्यांनी मराठी मंडळ्यांस अभंगाच्या चालीवर भजने दिली, म्हणून खेड्यातील आजीबाईलाही प्रभूचे नाव आपल्याच बोलीत गाता आले.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र अपुरे राहिले होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा बहुतेक भाग रचला. एके काळी ज्या नावापायी घर दुभंगले, तेच नाव त्यांनी अध्यायामागून अध्याय गायिले.

प्रिय वाचकहो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी एकाने प्रभूस स्वीकारले असेल व दुसऱ्याने नसेल. तेथे सणाच्या दिवशी वाद नको. मुलांदेखत तर नकोच. टिळकांप्रमाणे धीर धरा. तसेच आपल्या ह्या जिल्ह्यात कर्जापायी कित्येक शेतकऱ्यांनी प्राण दिले, आणि त्यांची लेकरे आपल्याच गावांत आहेत. नाताळाच्या दिवशी आपल्या मुलांच्या पंगतीत त्यांपैकी एकासाठी पाट मांडा. तो कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे विचारू नका. टिळकांच्या घरी ते कोणी विचारीत नसे.