गोदाकाठचे नाथ आणि दत्तप्रभूंचे चोवीस गुरू

श्रीदत्तजयंतीला सायंकाळी पाळणा झाला, सुंठवडा वाटला गेला की देवळात आरती सुरू होते. दत्ताची ही आरती संत एकनाथ महाराजांची, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असतं. शेवटच्या कडव्यात गुरू जनार्दनस्वामींच्या नावाला जोडून नाथांची मुद्रा येते. पण याच नाथांनी दत्तप्रभूंचे चोवीस गुरू मराठी माणसाच्या घरात आणून बसवले, आणि त्यांच्या लेखणीचा श्रीगणेशा आपल्या नाशिकक्षेत्री, पंचवटीत झाला, ही गोष्ट तितकीशी आठवली जात नाही. या पर्वकाळात नाथांचं चरित्र त्या अंगाने पाहू.

नाथांचा जन्म पैठणचा, साधारण इ. स. १५३३ चा. पणजोबा संत भानुदास. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. आईबापांचं छत्र तान्हेपणीच गेलं. आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वतीबाई यांनी नातवाला सांभाळलं. घराजवळून गोदावरी वाहत होती. पोराचं खेळणं, पोहणं, संध्या, सगळं तिच्याच काठी.

बाराव्या वर्षाच्या सुमारास गुरूचा ध्यास लागला आणि मुलगा एकटाच देवगिरीला गेला. तिथले किल्लेदार जनार्दनस्वामी हे थोर दत्तोपासक. किल्ल्याचा कारभार एका हाती, उपासना दुसऱ्या हाती. त्यांनी नाथांना हिशेबाच्या कामाला लावलं. एका पैची चूक सापडेना म्हणून नाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या धुंडाळत बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. एका पैला इतकं जपणारा मनुष्य पुढे पाण्याच्या थेंबाला आणि मुक्या जिवालाही तसाच जपताना दिसतो.

पुढे स्वामींनी त्यांना खुलताबादजवळच्या शूलिभंजन डोंगरावर अनुष्ठानाला पाठवलं. तिथे रान, वारा आणि जनावरं हीच सोबत. नाथ ध्यानाला बसले असता एक नाग डसायला आला आणि त्यांच्या अंगाला लागताच शांत होऊन डोक्यावर फणा धरून डोलू लागला, असं चरित्रकार सांगतात. दूध घेऊन येणाऱ्या गवळ्याने ते पाहिलं आणि तो घाबरून ओरडला. नाथांना तोवर पत्ताही नव्हता. दत्तप्रभूंनी मलंगाच्या वेषात दर्शन दिलं, तीही याच काळातली हकिगत. आजही शूलिभंजनच्या माथ्यावर दत्तमंदिर आहे.

अनुष्ठान पुरं झाल्यावर गुरुशिष्य तीर्थयात्रेला निघाले आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरी आले. वाटेत चंद्रभट नावाच्या ब्राह्मणाच्या मुखाने त्यांनी चतुःश्लोकी भागवत ऐकलं. पंचवटीत श्रीरामाच्या समोर स्वामींनी आज्ञा केली, की यावर मराठीत ओवीबद्ध टीका लिही. नाथांची हीच पहिली ग्रंथरचना, हजाराच्या आसपास ओव्यांची. आजचं काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरचं, म्हणजे तेव्हा ते नव्हतंच. पण गोदामाई होती, आणि ज्यांच्यावरून या जागेला नाव पडलं त्या वडांची आठवण होती. पाच झाडांवरून गावाला नाव देणारी आपली संस्कृती! त्या चार श्लोकांत एके ठिकाणी पंचमहाभूतांचाच दृष्टान्त आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही भूतं जशी लहानमोठ्या सर्व प्राण्यांत शिरलेली आहेत, तसा भगवंत भरलेला आहे, असा त्याचा आशय. म्हणजे नाथांनी लेखणी उचलली ती माती आणि पाण्यात देव दाखवण्यासाठी.

इथून स्वामी देवगिरीला परतले. नाथ पुढची तीर्थं करून पैठणला आले, तो म्हाताऱ्या आजोबांच्या हाती स्वामींचं पत्र तयार होतं: आता इथेच राहा, संसार कर. गुरुआज्ञा म्हणून नाथ थांबले. गिरिजाबाईंशी विवाह झाला, मुलंबाळं झाली. दत्तोपासक साधू रानातच राहायला हवा असं नव्हे, हे नाथांनी जगून दाखवलं. चूल, पाहुणे, मुलं, कीर्तन, अन्नदान यांतच त्यांचा परमार्थ चालला. म्हणून आपल्यासारख्या प्रापंचिकांना नाथ जवळचे वाटतात.

नाथांचा सर्वांत मोठा ग्रंथ एकनाथी भागवत, म्हणजे भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका. एकतीस अध्याय, अठरा हजारांहून अधिक ओव्या. पहिले पाच अध्याय पैठणला आणि उरलेले काशीत झाले, असं परंपरा सांगते. देवाची वाणी प्राकृतात आणली म्हणून काशीच्या पंडितांनी आधी विरोध केला. पुढे त्याच काशीत ग्रंथाची मिरवणूक निघाली. शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे इ. स. १५७३ साली, ग्रंथ पूर्ण झाला.

याच ग्रंथाच्या सातव्या, आठव्या आणि नवव्या अध्यायांत यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद येतो. हा अवधूत म्हणजे आपले दत्तात्रेय, असं संप्रदाय मानतो. राजा विचारतो, तुम्ही इतके आनंदात कसे? अवधूत आपले चोवीस गुरू मोजून दाखवतो. ती यादी जरा बोटांवर मोजून पाहा. मध काढून नेणारा, पिंगला, बालक, कुमारी आणि बाण घडवणारा, ही पाच माणसं. बाकी एकोणीस कोण? पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, समुद्र. मग कपोत, अजगर, पतंग, भुंगा, हत्ती, हरिण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी आणि भिंगुरटी. साक्षात दत्तप्रभू ज्यांच्यापुढे शिष्य होऊन बसले, त्यांत माणसं निम्मीसुद्धा नाहीत!

प्रत्येक गुरूचा धडा वेगळा. पृथ्वीला सगळे तुडवतात, नांगरतात, तरी ती आपलं देणं सोडत नाही. तिच्याच अंगावरचे डोंगर आणि झाडं दुसऱ्यांसाठीच जगणं शिकवतात. पाणी स्वतः स्वच्छ, गोड, आणि जे भेटेल त्याला स्वच्छ करणारं. समुद्र पावसाळ्यात नद्या आल्या म्हणून फुगत नाही, उन्हाळ्यात आटत नाही. भुंगा फुलाला न दुखवता थोडं थोडं घेतो, तशी भिक्षा असावी. मधमाशी मात्र साठवून ठेवते आणि साठ्यासकट जाते. नाथांनी हे सगळं अशा घरगुती ओवीत मांडलं, की जात्यावर बसलेल्या बाईलाही समजावं. पर्यावरण हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. पण गरजेपुरतं घ्यावं, दुखवू नये, साठवू नये, हा विचार साडेचारशे वर्षांपूर्वी मराठीत स्पष्टपणे आलेला आहे.

आणि नाथांनी तो नुसता लिहिला नाही. भर दुपारी गोदेच्या तापलेल्या वाळूत चुकलेलं एक अस्पृश्य मानलेलं लेकरू रडत होतं. नाथांनी त्याला कडेवर घेऊन आईपाशी पोचवलं. रामेश्वरासाठी काशीहून आणलेल्या गंगेची कावड खांद्यावर असताना वाळवंटात पाण्यावाचून तडफडणारं गाढव दिसलं. नाथांनी ते गंगाजल त्याच्या तोंडात ओतलं आणि रामेश्वर इथेच पावला असं मानलं. ज्याने पाण्याला आणि प्राण्याला गुरू म्हटलं, त्याच्या हातून दुसरं काय होणार?

नाथांच्या घरी साक्षात श्रीकृष्ण श्रीखंड्याच्या रूपाने बारा वर्षं पाणी भरत होता, ही कथाही सर्वांना माहीत आहे. देव नाथांच्या घरी राहिला तो गोदेचं पाणी कावडीने वाहण्यासाठी. पैठणच्या वाड्यातला तो रांजण आजही नाथषष्ठीच्या उत्सवात भाविक भरतात.

ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाच्या कथेतही एक झाड आहे. अजानवृक्षाची मुळी आपल्या कंठाला लागली आहे, असा दृष्टान्त ज्ञानोबांनी दिला. नाथ आळंदीला गेले आणि ती मुळी दूर केली. झाड मात्र राहिलं; आजही भाविक अजानवृक्षाखाली पारायणाला बसतात. त्यानंतर शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

अखेरच्या काळात नाथांनी भावार्थ रामायण हाती घेतलं. त्यातल्या अरण्यकांडात पुन्हा पंचवटी आली, गोदावरी आली. ग्रंथ युद्धकांडापर्यंत पोचला आणि इ. स. १५९९ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदेच्या पात्रात देह ठेवला. उरलेला ग्रंथ शिष्य गावबाने पुरा केला.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदा गंगापूर धरणातून आपल्या रामकुंडाशी येते. पुढे निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर. देशोदेशीचे पक्षी तिथे उतरतात, आणि २०२० साली राज्यातली पहिली रामसर पाणथळ म्हणून त्याची नोंद झाली. तिथून पाणी जातं ते थेट पैठणच्या जायकवाडीला. त्या जलाशयाचं नाव नाथसागर. म्हणजे आपण रामकुंडापाशी जे सोडतो, ते वाहत वाहत नाथांच्या दारी जातं. पाणी किती सोडायचं यावरून नाशिक आणि मराठवाडा यांच्यात दर काही वर्षांनी वाद होतो. कसं पाणी सोडायचं, याबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही.

गोदेच्या पात्रात काँक्रीट ओतलं गेलं, जुनी कुंडं आणि जिवंत झरे त्याखाली गेले, ते मोकळे व्हावेत म्हणून नाशिककर न्यायालयापर्यंत गेले. ती मोठी कामं मोठ्या पातळीवर होतील. पण प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पुलावरून टाकलेलं निर्माल्य कोणाचं असतं? आपलंच. पूजा झालेली फुलं आहेत, पायदळी येऊ नयेत, हा भाव खरा आहे. मग ती मातीत पुरावीत किंवा निर्माल्य कलशात द्यावीत. पृथ्वी ही अवधूताच्या यादीतली पहिलीच गुरू. ती फुलांना पोटात घेते आणि पुन्हा फूलच देते. गाठ मारलेली पिशवी घेऊन पाणी काय करील?

आणखी एक गोष्ट आपल्या दत्तस्थानांची. औदुंबराखाली दत्तप्रभूंचा वास, म्हणून आपण त्याला पार बांधतो. पण कित्येक ठिकाणी गुळगुळीत फरशी थेट बुंध्याला भिडवलेली असते. मुळांना पाणी मिळत नाही, फांद्यांत रोषणाईच्या माळांसाठी खिळे ठोकलेले. उंबराची फळं किती पाखरांची पोटं भरतात! बुंध्याभोवती हातभर माती मोकळी ठेवली आणि पूजेचं पाणी तिथे जिरू दिलं, तर त्या झाडाची सेवा प्रदक्षिणेइतकीच मोलाची होईल. देवस्थानच्या पुढच्या बैठकीत कोणी वडीलधाऱ्याने एवढा विषय काढला, तरी पुरे.

यंदा आरती म्हणताना नाथांची मुद्रा येईल, तेव्हा त्यांच्या गोदेची आठवण ठेवू या. गुरूच्या अंगावर कचरा टाकायचा नसतो, हे आपल्याला नव्याने कोणी शिकवायला नको.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥