ख्वाजा महमूद गवान यांच्या दोन तिजोऱ्या

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की तरावीहनंतर घराघरांत वही-पेन घेऊन जकातीचा हिशेब मांडला जातो. सोने किती, बँकेत किती, देणे किती, आणि उरलेल्याचे अडीच टक्के किती. आकडेमोड सोपी असते. अवघड असते ते जवळ असलेल्या पैशातला आपला किती, हे मनाशी ठरवणे. साडेपाचशे वर्षांपूर्वी दख्खनच्या एका वजिराने त्यासाठी दोन तिजोऱ्या वेगळ्या ठेवल्या होत्या.

ख्वाजा महमूद गवान इराणच्या गीलान प्रांतातले. १४५३च्या सुमारास, चाळिशी ओलांडल्यावर, ते व्यापारासाठी कोकणात दाभोळ बंदरावर उतरले. तिथून बहमनी राजधानी बीदरला गेले ते तिथल्या सूफी बुजुर्गांच्या भेटीच्या ओढीने. सुलतान अलाउद्दीन अहमदने हा माणूस पारखला आणि दरबारात ठेवून घेतला. तेलंगणातले एक बंड मोडायला त्यांना पाठवले गेले आणि व्यापाऱ्याचा सेनानी झाला. पुढच्या सुलतानाने, हुमायूनशाहने, ‘मलिकुत्तुज्जार’ म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार हा किताब दिला.

१४६१मध्ये आठ वर्षांचा निजामशाह गादीवर आला. राज्य चालवायला तिघांचे मंडळ नेमले गेले, त्यात राजमातेबरोबर गवान होते. माळव्याच्या सुलतानाने बीदरपर्यंत धडक मारली तेव्हा गुजरातची मदत आणून त्यांनी राज्य वाचवले. हा बालराजाही दोन वर्षांत गेला. त्याचा धाकटा भाऊ तिसरा मुहम्मदशाह गादीवर आला आणि काही वर्षांत सगळा कारभार गवान यांच्या हाती आला.

१४६९मध्ये ते कोकणच्या मोहिमेवर निघाले. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर. व्यापारी व यात्रेकरूंच्या जहाजांना होणारा उपद्रव हे कारण सांगितले गेले, पण विजयनगरच्या ताब्यातले गोवा बंदर आणि तिथला घोड्यांचा व्यापार यांवरही नजर होतीच. त्या काळच्या सगळ्या मोहिमांप्रमाणे हीही लुटीची मोहीम होती, ते झाकण्यात अर्थ नाही. याच डोंगरांत आधी एक बहमनी फौज गारद झाली होती. गवान यांनी घोडदळ परत पाठवले, जंगल तोडत वाट काढली, पावसाळा कोल्हापुरात काढला. १ फेब्रुवारी १४७२ रोजी गोवा पडले.

ते बीदरला परतले तेव्हा सुलतान त्यांच्या घरी आठवडाभर पाहुणा राहिला आणि राजमातेने त्यांना भाऊ म्हटले. यापुढे एका वजिराला काय हवे असते? फरिश्ता या इतिहासकाराने पुढची हकिकत लिहिली आहे. सुलतान गेल्यावर गवान यांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले, मानाची वस्त्रे उतरवली आणि ते रडत राहिले. बाहेर आले ते दरवेशाच्या कपड्यांत. शहरातल्या आलिमांना आणि सय्यदांना बोलावून जडजवाहीर, रोकड वाटून टाकली. ग्रंथ, घोडे आणि हत्ती मात्र ठेवले. कोणी कारण विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की त्या सन्मानाने आपला नफ्स डोके वर काढू लागला होता. आणि ठेवलेल्यात आपले काहीच नाही. ग्रंथ विद्यार्थ्यांचे, घोडे-हत्ती सुलतानाचे.

ते ग्रंथ कुठे गेले ते बीदरला आजही दिसते. तीन मजली मदरसा त्याच वर्षी उभा राहिला. तिथल्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते असल्याचे सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या मिनारावर निळ्या-हिरव्या फरशांचे काम अजून आहे.

कारभारात हाच काटेकोरपणा त्यांना नडला. चार मोठ्या प्रांतांचे त्यांनी आठ केले. दौलताबाद, जुन्नर, माहूर आणि गाविल हे त्यांतले चार आजच्या महाराष्ट्रात येतात. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला, बाकी किल्ल्यांवर सुलतानाची माणसे. फौजेचा पगार वाढवला, पण कागदावर असलेला आणि हजर नसलेला जो शिपाई असेल त्याचे पैसे कापून घेतले. सरदारांना ते सोसणारे नव्हते.

शेवट फार कडू आहे. गवान फारसी पत्रलेखनाचे उस्ताद होते. ‘रियाजुल इन्शा’ हा त्यांच्या पत्रांचा संग्रह, आणि त्या कलेवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथही लिहिला. अशा माणसाचा जीव एका खोट्या पत्राने घेतला. विरोधकांनी शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला हल्ल्याचे आमंत्रण लिहिले. सुलतानाने त्यांना छावणीत बोलावले. मित्रांनी गुजरातला निघून जायला सांगितले, ते ऐकले नाही. शिक्का माझा, पत्र माझे नाही, इतकेच त्यांनी सांगितले. नशेतल्या सुलतानाने चौकशी केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरीतल्या या वजिराचे मस्तक उडवले गेले.

मग सुलतानाला त्यांच्या संपत्तीची आठवण झाली. खजिनदाराला बोलावले गेले. त्याने दोन तिजोऱ्या असल्याचे सांगितले. पहिली सुलतानाची. तिच्यातून फौज, घोडे आणि इतमामाचा खर्च चाले. शिल्लक काही लारी आणि तीन हजार होन. लारी म्हणजे तेव्हाचे चांदीचे नाणे. दुसरी गोरगरिबांची, तिच्यात तीनशे लारी. वजिरी करूनही ख्वाजांचे स्वतःचे जेवणखाण इराणहून आणलेल्या चाळीस हजार लारींच्या भांडवलावर चाले. ते व्यापारात फिरत असे. नफ्यातून थोडे स्वतःला, उरलेले आईला, नातेवाइकांना आणि गरजूंना.

हे ऐकून पत्र घेऊन जाणाऱ्या जासुदाला समोर आणा, असा हुकूम सुलतानाने सोडला. कोणालाच तो आणता आला नाही.