काचेचा कारागीर योसेफ फ्राउनहोफर

परदेशातून गावी फोन लावला की क्षणात आईचा आवाज कानी पडतो. समुद्रतळाशी टाकलेल्या, केसाएवढ्या बारीक काचतंतूंतून तो प्रकाशरूपाने धावत येतो. एकाच तंतूतून निरनिराळ्या तरंगलांबींचे प्रकाश एकत्र प्रवास करतात. ते वेगळे करून ज्याच्या त्याच्या वाटेला लावण्याच्या कामी 'जालक' उपयोगी पडते. या जालकाला मोजमापाचे साधन बनवणाऱ्या योसेफ फ्राउनहोफरची ओळख आज आम्ही वाचकांना करून देत आहोत.

फ्राउनहोफरचा जन्म ६ मार्च १७८७ रोजी बव्हेरियातील स्ट्राउबिंग गावी झाला. वडील खिडक्यांच्या काचा बसवीत. ११व्या वर्षी तो पोरका झाला आणि म्युनिकला एका आरसेवाल्याकडे उमेदवारीला लागला. धन्याने पुस्तके वाचण्यास बंदी घातली. रविवारच्या शाळेलाही जाऊ देईना.

२१ जुलै १८०१ रोजी धन्याचे ते घरच कोसळले. मुलाला ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढले तेव्हा बव्हेरियाचा राज्यकर्ता माक्सिमिलिआन तेथे हजर होता. त्याने मुलाला पैसे दिले, उत्झश्नायडर या उद्योजकाने पुस्तके दिली. त्या पैशांतून मुलाने काच घासण्याचे यंत्र घेतले आणि उमेदवारीतून स्वतःची सुटका करून घेतली.

१८०६ साली तो उत्झश्नायडरच्या कारखान्यात दाखल झाला. बेनेडिक्टबॉयर्नच्या जुन्या मठात त्याने दुर्बिणीसाठी निर्दोष काच तयार केली. काच कोणत्या रंगाला किती वळवते हे मोजायचे, तर रंगपट्ट्यावर पक्की खूण हवी. १८१४ साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात त्याला शेकडो काळ्या रेषा दिसल्या. त्याने ५७४ रेषा मोजल्या आणि त्यांनाच खुणा ठरवले. पुढे १८२१ च्या सुमारास बारीक तारा समान अंतरावर ताणून त्याने जालक बनवले व त्यावरून प्रकाशाची तरंगलांबी मोजली.

पदवी नाही म्हणून काही पंडितांनी त्याला अकादमीत घेण्यास विरोध केला. पण त्याच्या दुर्बिणींना युरोपभर मागणी होती. ७ जून १८२६ रोजी क्षयाने तो वारला, अवघ्या ३९व्या वर्षी. १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून ग्रह सापडला तो त्याच्याच दुर्बिणीतून.

वाचकहो, आपल्या दुकानात, गॅरेजात हाताखालचा पोरगा पुस्तक उघडून बसला, तर त्याला हटकू नये, असे आम्हांला वाटते. त्याच्या वाचनासाठी घर कोसळण्याची वाट कशाला पाहायची?