आकाश शिकविणारा शिक्षक : शंकर बाळकृष्ण दीक्षित

दिवस आणि रात्र पृथ्वीच्या परिवलनामुळे होतात, हे उत्तर मुलुंड-बोरिवलीच्या कोणत्याही शाळेतील मुलांना तोंडपाठ असते. मात्र पटांगणातील ध्वजस्तंभाची सावली सकाळी कोणत्या दिशेला पडते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. पाठ्यपुस्तक आणि आकाश यांतील हे अंतर मिटविण्यासाठी शतकापूर्वी ज्या मराठी शिक्षकाने लेखणी झिजविली, त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांचा जन्म दापोलीजवळच्या मुरूड गावी १८५३ साली झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. मॅट्रिकच्या पुढे मात्र त्यांचे औपचारिक शिक्षण झाले नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्यांच्या गावी त्यांनी शिक्षकी केली आणि अखेरीस ज्या ट्रेनिंग कॉलेजात ते शिकले, तेथेच ते भावी शिक्षकांना शिकवू लागले.

ते ठाण्याच्या शाळेत होते त्याच सुमारास मुंबईत घड्याळाचा वाद पेटला होता. मुंबई सरकारने १८८१ साली मद्रासची वेळ लागू केली आणि लोकांच्या विरोधापुढे १८८३ साली ती मागे घेतली. या दोन शहरांच्या वेळांत सुमारे अर्ध्या तासाचा फरक होता. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेच्या मद्रासला माध्यान्ह आधी होते. एका तासात ती १५ अंश फिरते, एवढे ठाऊक असले की या फरकाचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येतो.

‘सृष्टिचमत्कार’ आणि ‘ज्योतिर्विलास’ ही पुस्तके दीक्षितांनी सामान्य मराठी वाचकासाठी लिहिली. १८९६ साली प्रसिद्ध झालेला ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ मात्र पंडितांनाही थक्क करणारा ठरला. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने पृथ्वीचे दैनंदिन भ्रमण मांडले होते, हे या ग्रंथाने मराठी वाचकांसमोर ठेवले. वराहमिहिरासारख्या थोर ज्योतिष्यालाही ते मान्य नव्हते. पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले पक्षी घरट्यात कसे परततील, ही त्याची शंका. आजही वर्गातील एखादे चौकस मूल हेच विचारते. पृथ्वीबरोबर हवा आणि पक्षीही फिरत असतात, हे त्याचे उत्तर.

प्रत्यक्ष निरीक्षणाला दीक्षितांच्या लेखी केवढे मोल होते, हे त्यांच्या सर्वांत गाजलेल्या शोधावरून कळते. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख त्यांना शतपथ ब्राह्मणात आढळला. त्यांनी तो डोळ्यांनी पाहून केलेली नोंद मानला, गणित मांडले आणि त्या निरीक्षणाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे ठरविला. पुढे या ग्रंथाचे हिंदी आणि इंग्रजी अनुवाद झाले. दीक्षितांना मात्र आयुष्य थोडे लाभले. १८९८ साली, वयाची पंचेचाळिशी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

जुन्या ज्योतिषाचे आद्य यंत्र शंकू, म्हणजे सपाट जमिनीवर उभी रोवलेली काठी. आजच्या मुलांनाही ते सहज वापरता येईल. काठीभोवती वर्तुळ काढावे. सावलीचे टोक सकाळी व दुपारी वर्तुळाला जेथे स्पर्श करते, ते बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. मुंबईत सावली सर्वांत आखूड होते ती ठीक बारा वाजता नव्हे, तर सरासरीने बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी. कारण भारतीय प्रमाणवेळेचे रेखावृत्त आपल्या बरेच पूर्वेला आहे. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस तर एकेका माध्यान्ही ती पार नाहीशी होते. जुलैत ढगांचा पडदा असतो. मेमध्ये मात्र शाळेला सुट्टी आणि आकाश बहुधा निरभ्र. इमारतीची गच्ची, एक काठी आणि खडू एवढ्या साहित्यावर दीक्षितांच्या शास्त्राचा पहिला धडा कोणत्याही पालकाला देता येईल.