संतशिरोमणी श्री नामदेव महाराज आणि गोरोबाकाकांचे थापटणे

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. त्यानंतर बरोबर दोनशे दहा वर्षांनी, शके ११९२ मध्ये, दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी नामदेव महाराजांचा जन्म झाला. पंढरपुरात वाढलेल्या या मुलाने हट्ट धरला आणि पांडुरंगाने त्याच्या हातचा नैवेद्य खाल्ला, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. पुढची कथा मात्र कीर्तनात पुष्कळदा घाईने उरकली जाते, म्हणून ती येथे सविस्तर देत आहोत.

देव आपल्याशी बोलतो, आपल्या हातचे जेवतो, मग आपल्याला आणखी कोणाची गरज काय, असे नामदेवांना वाटू लागले. हा गर्व साधा नव्हता. पैशाचा गर्व चारचौघांना दिसतो. भक्तीचा गर्व भक्तीसारखाच दिसतो!

परंपरा सांगते की, एकदा संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने गोरोबाकाकांना सहज विचारले की, यातली कोणती मडकी पक्की आणि कोणती कच्ची? मुक्ताबाई नामदेवांहून नऊ वर्षांनी लहान. काकांनी मडकी घडवण्याचे थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. ज्ञानदेवादी मंडळी मुकाट बसली. नामदेवांना मात्र राग आला, अपमान वाटला. काकांनी निकाल दिला, की एवढे एक मडके कच्चे आहे.

नामदेव रडत पंढरीला आले आणि देवापुढे गाऱ्हाणे मांडले. देव आपली बाजू घेईल अशी त्यांची खात्री होती. पण पांडुरंगाने संतांचेच म्हणणे खरे ठरवले आणि विसोबा खेचरांना शरण जाण्यास सांगितले. ज्याला प्रत्यक्ष देव भेटला, त्यालाही देवाने माणसाच्याच दारी पाठवले!

हे विसोबा कोण? आळंदीत ज्ञानदेवादी भावंडांना छळणारे तेच. मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून त्यांनी कुंभारांना अडवले होते, आणि पुढे ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजलेले पाहून त्याच भावंडांचे पाय धरले होते. स्वतःचा ताठा मोडलेला असल्याने दुसऱ्याचा कसा मोडावा, हे त्यांना ठाऊक होते. औंढा नागनाथाच्या देवळात ते पिंडीवर पाय ठेवून पडलेले दिसले. नामदेव संतापले. विसोबांनी शांतपणे सांगितले की, जिथे देव नाही तिथे माझे पाय नेऊन ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंडी! तेव्हा त्यांनी मान लववली. पांडुरंगाच्या लाडक्याने शिवाच्या देवळात गुरू केला, हेही लक्षात घ्यावे.

त्यानंतर ते ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रेला गेले. वयाने पाच वर्षांनी लहान असलेल्याचा हात धरण्यात आता त्यांना कमीपणा वाटला नाही. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये समाधी घेतल्यावर नामनाम करीत महाराज उत्तरेकडे गेले आणि पंजाबातील घुमान येथे बरीच वर्षे राहिले. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. शके १२७२ मध्ये त्यांनी देह ठेवला.

देवळाचे काम निघाले की बाहेरच्यांची देणगी कशाला, आपण समर्थ आहोत, असे प्रत्येक गावात कोणीतरी म्हणतोच. फाळणीनंतर आपल्या शेजारी, कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत, घरदार सोडून आलेले हजारो सिंधी बांधव उतरले. १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. या समाजात ग्रंथसाहिबाला वंदन करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. म्हणजे आपले नामदेव महाराज त्यांच्याकडे आपल्याआधीच पोहोचलेले होते. अशा घरातून आलेली वीट परकी कशी म्हणावी?

आपले स्थान महाराजांनी पंढरीच्या महाद्वारात, पायरीपाशी मागून घेतले; येणाऱ्या-जाणाऱ्या संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून. वारकरी आजही त्या पायरीवर पाय देत नाहीत. डोके टेकतात आणि ती ओलांडून आत जातात.