फ्रँकी यँकोविक

फ्रँकी यँकोविक (२८ जुलै, १९१५ : डेव्हिस, वेस्ट व्हर्जिनिया, अमेरिका – १४ ऑक्टोबर, १९९८ : न्यू पोर्ट रिची, फ्लोरिडा, अमेरिका) हे अमेरिकेतील अकॉर्डियनवादक, गायक आणि वाद्यवृंदप्रमुख होते. स्लोव्हेनियन स्थलांतरितांचे पोल्का संगीत त्यांनी वस्तीबाहेरच्या अमेरिकन श्रोत्यांपर्यंत पोहोचवले. या संगीताची जी शैली त्यांच्यामुळे सर्वदूर माहीत झाली तिला क्लीव्हलंड शैली म्हणतात. ते पोल्काचा राजा या बिरुदाने ओळखले जात.

पार्श्वभूमी

पोल्का हे दोन मात्रांच्या जलद ठेक्यावरचे जोडीनृत्य आहे. ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या प्रदेशात, उदयास आले आणि काही वर्षांतच युरोपभर पसरले. अमेरिकेत आलेल्या चेक, पोलिश, जर्मन आणि स्लोव्हेनियन लोकांनी ते आपापल्या पद्धतीने जपले. त्यामुळे एकाच नावाखाली निरनिराळ्या शैली नांदू लागल्या. लग्नसमारंभ, चर्चचे मेळे आणि समाजगृहे ही या संगीताची ठिकाणे होती. त्याचा श्रोता बहुधा त्या त्या भाषेपुरताच मर्यादित असे.

बालपण आणि शिक्षण

यँकोविक यांचे आईवडील त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलाखाली असलेल्या स्लोव्हेनियातून अमेरिकेत आले होते. वडील वेस्ट व्हर्जिनियातील लाकूडतोडीच्या छावणीत काम करीत. फ्रँकी तान्हे असतानाच हे कुटुंब ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात आले आणि कॉलिनवूड या कामगार वस्तीत स्थायिक झाले. या शहरात स्लोव्हेनियन लोकांची मोठी वसाहत होती. घरात काही कामगार पैसे देऊन राहत आणि जेवत. त्यांतील एक जण बटणांचा अकॉर्डियन वाजवीत असे. त्याच्याकडूनच फ्रँकी यांनी पहिले धडे घेतले.

पुढे त्यांना पियानोसारख्या पट्ट्या असलेला अकॉर्डियन हवासा वाटू लागला. वडिलांचा त्याला विरोध होता. वाजवण्यावर पोट भरत नाही, असे त्यांचे मत होते. आईने स्वतःच्या साठवणीतून ते वाद्य गुपचूप विकत घेऊन दिले. फ्रँकी यांनी बहिणीच्या घरी सराव केला आणि नाताळच्या वेळी वडिलांसमोर प्रथमच ते वाजवले. त्यानंतर वडिलांचा विरोध मावळला.

आरंभीची कारकीर्द

१९३०च्या दशकाच्या आरंभी यँकोविक क्लीव्हलंडच्या नभोवाणीवरील स्लोव्हेनियन कार्यक्रमांत वाजवू लागले. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी रस न दाखवल्याने १९३८ साली त्यांनी आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिका स्वखर्चाने काढल्या. १९४० साली त्यांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी त्यांनी कॉलिनवूडमध्ये एक मद्यगृह उघडले, आणि ते लवकरच स्थानिक वादकांचा अड्डा बनले.

महायुद्ध

१९४३ साली ते सैन्यात दाखल झाले. १९४४च्या अखेरीस बेल्जियमच्या परिसरात झालेल्या आर्डेन्सच्या लढाईत कडाक्याच्या थंडीने त्यांचे हातपाय गोठले आणि सडू लागले. प्राण वाचवण्यासाठी ते कापावे लागतील, असे डॉक्टरांचे मत पडले. यँकोविक यांनी शस्त्रक्रियेस नकार दिला. औषधोपचारांनी हळूहळू गुण आला. बोटांत पुन्हा चलनवलन यावे म्हणून त्यांनी रुग्णालयातच अकॉर्डियनचा सराव सुरू केला. बरे झाल्यावर त्यांनी लहानसा वाद्यवृंद जमवून सैनिकांची करमणूक केली आणि १९४५च्या अखेरीस ते घरी परतले.

लोकप्रियता

१९४६ साली कोलंबिया रेकॉर्ड्सने त्यांच्याशी करार केला. वादकांच्या संघटनेने पुकारलेली ध्वनिमुद्रणबंदी १ जानेवारी, १९४८ रोजी लागू होणार होती. तिच्या आदल्या दिवशी त्यांनी 'जस्ट बिकॉज' हे गीत ध्वनिमुद्रित केले. हे मुळात ग्रामीण अमेरिकन धाटणीचे जुने गाणे होते आणि त्याला पोल्काचा ठेका देण्याबाबत कंपनी साशंक होती. तथापि १९४८ साली ते देशभर गाजले. त्याच वर्षी मिलवॉकी शहरात झालेल्या स्पर्धेत त्यांना पोल्काचा राजा हा किताब मिळाला. १९४९ साली आलेले 'ब्लू स्कर्ट वॉल्ट्झ' हे चेक संगीतकार वाच्लाव ब्लाहा यांच्या चालीवर आधारित होते आणि तेही तितकेच लोकप्रिय झाले.

शैली

यँकोविक यांच्या वाद्यवृंदात दोन अकॉर्डियन, बँजो, पियानो आणि बास ही वाद्ये असत. पोलिश आणि जर्मन शैलींत तुतारीवर्गीय वाद्यांना आणि क्लॅरिनेटला महत्त्व असे. येथे मात्र चाल अकॉर्डियनवर आणि ठेका बँजोवर सोपवलेला होता. जुन्या स्लोव्हेनियन चालींना त्यांनी इंग्रजी शब्द दिले, तसेच अमेरिकन गाण्यांना पोल्काचा साज चढवला. स्थलांतरितांच्या दुसऱ्या पिढीची घरची भाषा सुटत चालली होती. तिला या रूपात आईवडिलांचे संगीत आपले म्हणता आले. इतर भाषक श्रोत्यांनाही ते परके वाटले नाही. जॉनी पेकॉन आणि जोई मिस्कुलिन हे नामांकित अकॉर्डियनवादक निरनिराळ्या काळात त्यांच्या वाद्यवृंदात होते.

उत्तरायुष्य

रॉक अँड रोलच्या लाटेत पोल्काचा राष्ट्रीय श्रोतृवर्ग आटला, तरी यँकोविक यांनी दौरे थांबवले नाहीत. वर्षातील बहुतेक रात्री ते प्रवासात असत. याची किंमत कुटुंबाला मोजावी लागली. पहिल्या पत्नीपासून त्यांना आठ अपत्ये होती, परंतु तो विवाह टिकला नाही. १९७७ साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले.

सन्मान

१९६९ साली आंतरराष्ट्रीय पोल्का संघटनेने आपल्या सन्मानदालनात प्रथम ज्या दोघांचा समावेश केला, त्यांत शिकागोच्या वॉल्टर यागिएलो यांच्यासह यँकोविक होते. १९८६ साली पोल्का संगीतासाठी प्रथमच ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला आणि तो यँकोविक यांना मिळाला. हा विभाग २००९ साली बंद करण्यात आला. क्लीव्हलंडलगतच्या युक्लिड येथील पोल्का संग्रहालयात त्यांच्या कार्याची स्मृती जतन केलेली आहे.

विडंबनगीतकार 'वीअर्ड अल' यँकोविक यांचे आडनाव तेच असले, तरी दोघांत कोणतेही नाते नाही. फ्रँकी यँकोविक यांचा दफनविधी क्लीव्हलंडमध्ये झाला.