गिटार न येणारा गिटारवाला

लिओ फेंडरला गिटार वाजवता यायची नाही. एक डोळाही लहानपणीच गेलेला. कॅलिफोर्नियात १९०९ मध्ये जन्मलेल्या या पठ्ठ्याने मंदीत नोकरी गेल्यावर १९३८ मध्ये फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. वादक बिघडलेले ॲम्प घेऊन यायचे. लिओ ते उघडायचा आणि त्यांचं म्हणणं कान देऊन ऐकायचा. त्यातूनच त्याचे स्वतःचे ॲम्प आले.

पन्नासच्या दशकाअखेरच्या त्याच्या ‘बेसमन’मध्ये पहिला व्हॉल्व्ह होता १२एवाय७. त्याच खाचेत १२एएक्स७ही बसतो. पण आवाज वाढवण्याची ताकद ४४ वरून थेट १०० वर! मग सूर लवकर फाटतो. लिओला हवा होता स्वच्छ सूर. लंडनच्या जिम मार्शलने बेसमनवरून ॲम्प बनवताना नेमका १२एएक्स७ लावला, आणि रॉकला त्याचा फाटका आवाज मिळाला.

१९६५ मध्ये लिओने कंपनी विकली, पण १९९१ मध्ये जाईपर्यंत हातातलं काम सोडलं नाही. आजही ॲम्पचा सूर कर्कश वाटला, की जाणकार पहिल्या खाचेत १२एवाय७ लावून बघतात. सूर मऊ, उबदार होतो. मोठे पॉवर व्हॉल्व्ह मात्र मेकॅनिककडूनच बदला. आत जीवघेणा करंट असतो, भावांनो!